रोवण्यातलं गाणं

कलाबाई : दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरले एक घोट पानी मागितलं तं असा पाहून राहिला, जशी मी मोहाची दारू मागून राहिली!

देवीदास : बाई, घोटभर बी नाही म्हनून सांगितलं ना त्यायनं. पोट रिकामं असन तवाच ते तोंडातून दुर्बीण टाकतेत.

कलाबाई : तोंडातून नळी. आन ती आत जाऊन पाहीन, काल कलाबाईनं काय रांधलं होतं म्हनून.

देवीदास : मजाक नोको करू. नंबर येऊनच राहिला आपला.

कलाबाई : येऊ दे. नंबर आला की मी उठते आन सीधी कोहमाऱ्याची बस पकडते. धान कापाले आलं आहे तिकडं. रत्नपालले सांगजो, तुझ्या मायचं पोट आपोआप बसलं.

देवीदास : आपोआप बसत असतं तं तुझ्या पोरानं मले रोज फोन कायले केला असता? मामा, माय जेवत नाही. मामा, माय रातची उठून चुलीपाशी बसून राहते. सून बी सांगे, आई पोटाले पदर आवळून बांधून ठेवते दिवसभर.

कलाबाई : दीप्तीले दुसरा धंदा नाही. पदर आवळला की बरं वाटते. माय बी बांधे.

देवीदास : माय बांधे ते कामाले म्हनून बांधे. वाकताना पदर चिखलात नाही जावा म्हनून.

कलाबाई : हो का?

देवीदास : मंग? मले काय याद नाही? आनखी लहान समजते का मले? एस्टीतून रिटायर झालो मी.

कलाबाई : एस्टीवाल्याले सारंच माहीत राहते बाप्पा. बस तिकडं.

देवीदास : फाइल कुठं आहे तुझी? आत गेल्याबरोबर मागतीन. ती पिशवी दे इकडं.

कलाबाई : पिशवीत हात नोको घालू! बाईमानसाची पिशवी आहे.

देवीदास : बाईमानसाच्या पिशवीत काय साप राहते? फडकं... पान-सुपारी... बाई, हे काय? ह्या तं त्याच गोळ्या आहेत! पोळ्याच्या अगोदर रत्नपालनं त्या पहिल्या डॉक्टरले दाखवलं होतं, त्यानं दिलेल्या. पत्ता जशाचा तसा! एक बी फोडली नाही?

कलाबाई : हळू बोल. लोक पाहून राहिले.

देवीदास : पाहू दे. काऊन नाही घेतल्या?

कलाबाई : त्या माझ्या दुखन्याच्या नाहीत.

देवीदास : मंग कोनाच्या दुखन्याच्या आहेत? माझ्या?

कलाबाई : देव्या, तू भाऊ आहे. भावाजवळ कसं सांगू?

देवीदास : सांग ना वो. इथं कोन परकं आहे?

कलाबाई : तो डॉक्टर सारा हिंदीत बोले. म्या बोट ठेवून दाखवलं, इथं दुखते, छातीच्या खाली, मंधात. त्यानं दाबून पाहिलं. मंग गोळ्या दिल्या आन म्हने, अम्मा, ये खाली पेट की गोली है.

देवीदास : मंग?

कलाबाई : मंग काय विचारते! दुखते वरतं पोट आन देते खालच्या पोटाची गोळी! खालच्या पोटात बाईमानसाले काय राहते, तुले समजत नाही? म्या मनात म्हनलं, या मेल्याले या वयात माझ्यात बाळंतपनाची बिमारी दिसली का! आन रत्नपाल बाजूले उभा. लाजेनं मरून गेली मी. घरी येऊन पत्ता पिशवीच्या तळाले टाकला.

देवीदास : खाली पेट... बाई वो! खाली पेट!

कलाबाई : हासून कायले राहिला? त्या कोपऱ्यातली म्हातारी बी पाहून राहिली.

देवीदास : खाली म्हनजे रिकामं वो, माझी बाई! हिंदीत रिकाम्याले खाली म्हनतेत. जिंदगीभर गोंदियात गाडी चालवली मी. "सीट खाली है क्या, सीट खाली है क्या," ऐकून ऐकून कान किटले. त्यानं सांगितलं, रिकाम्या पोटी घे. चाय पेयाच्या अगोदर.

कलाबाई : मंग तसं नीट सांगायचं ना त्यानं! अंगानं एवढा मोठा आन जीभ अर्धी. रिकाम्या पोटी तं मी दुसरीच गोळी घेत होती.

देवीदास : दुसरी कोनती?

कलाबाई : लाल. गुडघ्याची. दुकानात भेटते ना. रोवण्यात, धानाची रोपं लावताना, पहाटे एक गिळली की दिवसभर वाकता येते. साऱ्याच बाया घेतेत.

देवीदास : उपाशी?

कलाबाई : मंग पहाटे कोन रांधून ठेवते माझ्यासाठी? पानी पेली, गोळी गिळली, धानाच्या बांधीत, चिखलात उतरली.

देवीदास : वा! जे खाऊन घ्यायचं ते उपाशी घेतलं, आन जे उपाशी घ्यायचं ते पिशवीत झोपून आहे. तुले डॉक्टर पाहिजे कायले, तू सोताच डॉक्टर.

कलाबाई : हास. तुले हासाले येऊन राहिलं. मले भेव लागून राहिलं, देव्या.

देवीदास : कायचं भेव?

कलाबाई : मायचं दुखनं इथंच होतं. याच जागी. आन ती त्या वर्षीची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा नाही पाहू शकली, अगोदरच गेली.

देवीदास : कायले आनते ते डोक्यात! थांब, तुले गंमत दाखवतो. मोबाइल कुठं ठेवला... हा. पाह. श्रावनात रत्नपालनं पाठवला होता, तू रोवण्यात गानं म्हनून राहिली तो व्हिडिओ. म्या स्टेटसले ठेवला होता, माहीत आहे? आमच्या कुडव्यात साऱ्यायले दाखवला. चायवाल्याले, सलूनवाल्याले. ऐक काय आवाज आहे! "बांधीच्या पान्यात अभाळ पडलं वो बाई, उचलू कशी, मी उचलू कशी..." हुबेहूब माय!

कलाबाई : बंद कर.

देवीदास : अवो, ऐक तं. आता पुढं तू कशी तान घेते...

कलाबाई : बंद कर म्हनलं ना!

देवीदास : केला, बाप्पा, केला. काय झालं?

कलाबाई : त्या दिवशी मी मेली असती बांधीत. आतून कोनी चिमट्यानं धरून पिळून राहिलं असं वाटे. बांधीच्या काठाले, धुऱ्यावर जाऊन बसली असती तं साऱ्या बाया काम टाकून धावल्या असत्या. एवढा रोवणा अंगावर, बाया भेटत नाहीत, आन मी पोट धरून बसू? मंग म्या गानं उचललं. मोठ्यानं म्हनलं की दम लागते. ध्यान दमावर राहते, पोटावर नाही राहत. आन तेवढ्यात तुझा भाचा मोबाइल घेऊन आला. माय, अशीच म्हन, अशीच म्हन!

देवीदास : आन मी साऱ्यायले सांगत फिरलो, पाहा माझी बाई कशी मजेत आहे.

कलाबाई : तुले काय माहीत.

देवीदास : पन ही कोनती रीत वो? दुखलं तं रडा, ओरडा. गानं म्हनाले तुले कोनं शिकवलं?

कलाबाई : कोनं शिकवीन?

देवीदास : नाही.

कलाबाई : हो.

देवीदास : नाही बाई. मायचं तसं नव्हतं. माय खुशीनं म्हने. मले सारं याद आहे. मी धुऱ्यावर बसून राहो, डोक्यावर पळसाच्या पानाचा मोरा, पानी टपटप टपटप. पेजेचा गंज माझ्याजवळ, राखाले. कुत्रं नाही यावं म्हनून. तुम्ही साऱ्या जनी रांगेत, माय मंधात. हळूहळू चालू राहे सारं, आन मंग एकदम मायचा आवाज चढे. साऱ्या बाया मागून उचलेत. सडकेनं जानारा मानूस सायकल थांबवून उभा राही. मी त्याले ओरडून सांगो, ते माझी माय आहे, माझी! माय पाहे माझ्याकडं आन हासे. मी म्हनतो, बाई, त्याच्यावानी खुशी मले मंग कधी झालीच नाही. लग्नात नाही, नोकरी लागली तवा नाही.

कलाबाई : ते बी खोटं नाही. हासे ती तुझ्याकडं पाहून.

देवीदास : मंग?

कलाबाई : मी रांगेत तिच्या बाजूले राहो ना गा. तुले दुरून आवाज ऐकू ये, मले जवळून तोंड दिसे. एक दिवस असाच आवाज चढला, साऱ्या जनी रंगात आल्या, आन म्या पाहिलं तं माय चिखलात हात रोवून तशीच थांबली होती. हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपाची पेंडी सुटून पान्यावर वाहून चालली होती. डोळे मिटलेले. आन तोंडानं गानं चालू. संध्याकाळी म्या विचारलं. तं म्हने, कले, दुखते तवा म्हनते मी मोठ्यानं. उपाशापोटी लय दुखते, दोन घास गेले की थांबते. देव्याले नोको सांगू. त्याले वाटते माय मजेत आहे. वाटू दे.

देवीदास : पेजेचा गंज माझ्याजवळ होता, बाई.

कलाबाई : तू काय करशीन? पोरगा होता तू. साऱ्या बाया जेवल्यावर ती जेवे, ते तिचंच होतं.

देवीदास : आन तू मले सांगितलं नाही. इतके वर्षं.

कलाबाई : तुझं तोंड पाहून कोन सांगीन? जवा भेटला तवा, बाई, ते गानं म्हन ना, मायवानी म्हन ना.

देवीदास : मायचं माझ्यापाशी तेवढंच होतं वो. फोटो नाही, लुगडं नाही, काही नाही. ते एक गानं होतं. आता ते बी तसं नाही राहिलं.

कलाबाई : म्हनूनच नव्हती सांगत. पुस डोळे. एवढा मोठा मानूस, दवाखान्यात रडते.

देवीदास : रडून नाही राहिलो. राग येऊन राहिला. बापानं काय केलं तवा? चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून दिली, शेकाले. भगताले बोलावलं, त्यानं राख लावली. झाला इलाज.

कलाबाई : बापाले बी काय समजे? पोटात गोळा आला म्हनेत, बस. गोळा येते, गोळा जाते.

देवीदास : म्हनूनच तू आता गुमान आत जाशीन. बसबीस काही नाही पकडायची.

कलाबाई : आन गाठ निघाली तं?

देवीदास : निघाली तं निघाली. नाव तं समजन. मायच्या दुखन्याले नाव बी नव्हतं, बाई.

डॉक्टर : कलाबाई कोण आहेत? या, आत या. हे तुमचे कोण?

कलाबाई : भाऊ आहे, मॅडम. दारात उभा राहून राहिला, मी पळून जाईन म्हनून.

डॉक्टर : पळायचं कशाला? फार वेळ लागत नाही. आधी घशात फवारा मारते, घसा बधिर होईल. मग डाव्या कुशीवर झोपायचं आणि नाकानं सावकाश श्वास घेत राहायचा. मळमळल्यासारखं होईल, पण घाबरायचं नाही. तेवढा वेळ बोलता येणार नाही.

कलाबाई : गाता बी नाही येनार?

डॉक्टर : गाणं? नाही हो, गाणं नंतर.

देवीदास : मनातल्या मनात म्हन, बाई. मी इथंच आहे.

* * *

डॉक्टर : झालं, कलाबाई. बसा अशा टेकून. घशातला जडपणा जाईपर्यंत काही प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागेल. भाऊ, तुम्हीही बसा ना.

देवीदास : उभाच बरा आहे मी. सांगा, मॅडम.

डॉक्टर : जठर संपून आतडं सुरू होतं ना, तिथे जखम झालीय. अल्सर म्हणतात त्याला.

कलाबाई : अलसर म्हनजे गाठ?

डॉक्टर : नाही, गाठ नाही. जिभेला कसा फोड येतो आणि तो चरचरतो, तशी आतून जखम. आतापर्यंत चहा, तिखट, भूक, सगळं त्या जखमेवरून जात होतं.

देवीदास : नक्की गाठ नाही ना?

डॉक्टर : मी सगळीकडे नीट बघितलं. गाठीसारखं काही दिसलं नाही. पोटात एक प्रकारचे जंतू असतात, त्यांच्यामुळेही असं होतं. म्हणून एक बारीक कण तपासायला पाठवलाय. जंतू निघाले तर त्यांची वेगळी औषधं देईन. ही जखम भरते, भाऊ. आता तरी बसा.

देवीदास : बसतो.

कलाबाई : पाहा मॅडम, नळी माझ्या पोटात गेली आन टेकून बसावं याले लागलं.

डॉक्टर : गुडघेदुखीच्या वगैरे गोळ्या घेता का तुम्ही? दुकानातून आणून?

कलाबाई : तुम्हाले पोटात ते बी दिसलं?

डॉक्टर : दिसलं नाही, अंदाज आहे. शेतात काम करणाऱ्या बऱ्याच बायकांचं असंच निघतं.

कलाबाई : घेते. लाल. पहाटे.

डॉक्टर : उपाशीपोटी?

कलाबाई : हो.

डॉक्टर : ती आजपासून बंद. अगदी एकसुद्धा नाही. गुडघ्यांचं आपण वेगळं बघू. आणि ही मी देते ती रोज सकाळी, चहाच्या आधी...

देवीदास : मॅडम, थांबा! ते खाली पेट नोका म्हनू!

डॉक्टर : म्हणजे?

कलाबाई : काही नाही, मॅडम. येडा आहे तो. उपाशापोटी घ्यायची, समजलं मले. पक्कं समजलं.

डॉक्टर : आणि जेवण वेळेवर. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर, शेतातल्या सगळ्यांचं झाल्यावर, असं नाही चालणार आता.

कलाबाई : पेज चालन?

डॉक्टर : पेज म्हणजे भाताची पातळ... कोमट करून? चालेल की.

कलाबाई : तुम्ही कोनीकडच्या, मॅडम?

डॉक्टर : साताऱ्याची मी.

कलाबाई : मंग तुम्ही कायले खाल्ली असन आमची पेज! रातची गार झालेली पेज, मिठाचा खडा, आन वरून तरोट्याची भाजी. या कधी गावाले. सून रांधते बरी.

देवीदास : मॅडम, एक विचारू? भूक लागली की दुखते आन दोन घास खाल्ले की थांबते, असं असलं तं ते हेच राहते का?

डॉक्टर : पुष्कळदा हेच असतं. का? तुम्हाला होतं का तसं?

देवीदास : मले नाही. आमच्या मायले होतं. लय जुनी गोष्ट आहे, मी मोरा घेऊन धुऱ्यावर बसो तवाची. ती गेली त्याच्यात.

डॉक्टर : आता इतक्या वर्षांनी खात्रीनं नाही सांगता येणार मला. असेल कदाचित हेच. तेव्हा खेड्यात कुणाला कळणार, आणि औषधं तरी कुठे होती.

देवीदास : अलसर.

कलाबाई : काय गा?

देवीदास : काही नाही. मायच्या दुखन्याले नाव देऊन पाहिलं.

कलाबाई : चल. मॅडमले दुसरे पेशंट आहेत. येते, मॅडम. जयभीम.

(धान घरात आल्यानंतरची एक दुपार. कुडव्याला देवीदासच्या घराचा ओटा. कलाबाई पुन्हा दाखवायला आली आहे. तिच्यापुढे सुपात नवा तांदूळ.)

देवीदास : राहू दे ना वो ते सूप. पाव्हनी आली आहे तू. आताच दवाखान्यातून आलो आपन.

कलाबाई : मॅडमनं काय म्हनलं? जखम भरून राहिली, ताकद येऊन राहिली. हात खाली ठेवून बसा असं नाही म्हनलं.

देवीदास : आता तू बी खाली म्हनाले लागली.

कलाबाई : मराठीतलं खाली, येड्या! घरचा तांदूळ आनला तुझ्यासाठी, निवडून तं देऊ दे. खडे दातात आले की बायकोवर ओरडशीन.

देवीदास : गोळी घेतली सकाळी?

कलाबाई : घेतली. जेवली बी तुझ्या अगोदर. तुझी बायको पाहून राहिली, ननंद कशी सुधरली म्हनून.

देवीदास : बाई, तो व्हिडिओ काढून टाकला मी.

कलाबाई : काऊन?

देवीदास : पाहवत नव्हता. पहिले आवाज ऐको, आता तुझे हात दिसतेत त्याच्यात. चिखलात रोवलेले. आन आवाज तुझा ऐकला तरी मायच दिसे, हात रोवून उभी. मंग मनात ये, मी किती येडा होतो. ती मरून राहिली होती आन मी सायकलवाल्याले बोलावून दाखवून राहिलो होतो.

कलाबाई : बस इथं. बस म्हनलं ना. तुले वाटते, मायचं तुझ्यापाशी तेवढंच होतं?

देवीदास : आनखी काय आहे?

कलाबाई : सांजचं जेवन झालं, तिच्या बी पोटात दोन घास गेले की दुखनं थांबे. मंग ती सूप घेऊन बसे, अशीच. कंदील बाजूले. तू येऊन तिच्या मांडीले डोकं लावे. सुपात तांदूळ हाले आन ती तेच गानं म्हने. तेच, बांधीच्या पान्यातलं. पन हळू. सुपाच्या आवाजापेक्षा बी हळू. तवा तिचं तोंड पाहाले पाहिजे होतं तू. एक हात तुझ्या केसात, आन एका हातानं खडे वेचे. ते खुशीचं गानं होतं, देव्या. मोठ्यानं म्हने ते साऱ्यायसाठी, हे फक्त तुझ्यासाठी.

देवीदास : मले नाही याद.

कलाबाई : कशी राहीन? पहिल्याच ओळीले झोपून जाए तू. एक बी दिवस पूरं नाही ऐकलं.

देवीदास : खरंच म्हने? की मले बरं वाटावं म्हनून सांगून राहिली?

कलाबाई : एवढ्या वर्षात तुले बरं वाटावं म्हनून मी फक्त चूप राहिली. बोलली ते खरंच बोलली.

देवीदास : मंग म्हन.

कलाबाई : आता?

देवीदास : आता. झोपत नाही मी.

कलाबाई : बांधीच्या पान्यात... अभाळ पडलं वो बाई... उचलू कशी...

देवीदास : ऐकू नाही येऊन राहिलं, बाई. जरा मोठ्यानं म्हन ना.

कलाबाई : मोठ्यानं कायले? दुखून थोडीच राहिलं.